तिसऱ्या, कालवं, शेवंड: पैसे घालण्याआधी किनाऱ्याचे नियम समजून घ्या



मागच्या व्हिडिओत आपण पालघर-बोईसर पट्ट्यात कमी भांडवलात सुरू होणाऱ्या मासळीच्या धंद्यांबद्दल बोललो. सुके बोंबील, जवळा, कोळंबीचं लोणचं, साफ करून पाकिटात भरलेली मासळी असं बरंच काही. त्यात शिंपल्यांचा विषय मी दीड मिनिटात उरकला, आणि ते माझं चुकलं. वरून हा धंदा सगळ्यात सोपा दिसतो. बोट नको, जाळं नको, डिझेल नको. ओहोटीला खाडीत उतरायचं, टोपली भरायची, विकायची. म्हणूनच यात नवे लोक पटकन पैसे घालतात आणि दुसऱ्या वर्षी हात वर करतात.

बोईसरच्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. अतिशय हुशार. वहीत सगळा हिशोब मांडून आणलेला. खाडीवरच्या मावश्यांकडून तिसऱ्या घ्यायच्या, वाळू काढून, उकडून, सोलून पाव-पाव किलोची पाकिटं करायची आणि लोकलने मुंबईला पोचवायची. पाकिटाचा खर्च, बर्फ, प्रवास, दुकानदाराचं कमिशन, सगळं लिहिलेलं. मी विचारलं, "ताई, माल किती वर्षं येत राहील?" त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, माल समुद्रातून येतो. तो कसा संपेल?"

आजचा हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे.

आज काढू की थांबू?

तिसऱ्या (कुणी शिवल्या म्हणतं, कुणी शिंपल्या) चिखलात-वाळूत रुतून बसतात. कालवं खडकाला चिकटतात. दोघांनाही पळता येत नाही. पापलेट जाळ्यातून निसटू शकतं, तिसरी नाही. ज्या पट्टीवर त्या आहेत तिथे दहा बायका आठ दिवस बसल्या तर पट्टी रिकामी. म्हणजे शिंपल्यांचा साठा हा समुद्र कमी आणि शेत जास्त आहे. फरक एवढाच की या शेताचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही.

आता थोडं गणित करू. शिंपलीची लांबी दुप्पट झाली की तिचं वजन दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतं. कारण ती लांबी, रुंदी, जाडी तिन्हींकडून वाढते. समजा आज तुम्ही 15 मिलिमीटरच्या 100 शिंपल्या काढल्या. त्याच 30 मिलिमीटरपर्यंत वाढू दिल्या आणि मधल्या काळात त्यातल्या निम्म्या मेल्या असं धरलं, तरी 50 गुणिले 8, म्हणजे आजच्या 400 शिंपल्यांइतकं वजन हाती येतं. चौपट. बियाणं नाही, खत नाही, मजुरी नाही. नुसतं थांबायचं. वर मोठ्या शिंपलीला भाव जास्त, आणि सोलायला लागणारा वेळ किलोमागे कितीतरी कमी.

मग लोक थांबत का नाहीत? कारण मी थांबलो तर शेजारचा काढून नेतो. मावशीला हे गणित माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण तिने आज सोडलेली लहान शिंपली उद्या तिच्याच टोपलीत येईल याची खात्री कोण देणार? ही खात्री देणारी गोष्ट म्हणजे नियम. नियम म्हटलं की आपल्याला दंड, फॉर्म आणि चकरा आठवतात. या धंद्यात मात्र नियम नसेल तर पुढच्या वर्षी माल नसतो, इतकं ते थेट आहे.

आपल्या किनाऱ्यावर हे घडून गेलंय. मुंबईच्या समुद्रात चपट्या अंगाची, वाळूत राहणारी शेवंडीची एक जात ट्रॉलरना भरपूर मिळायची. 1980 च्या दशकात तिची आवक शेकडो टनांत होती, निर्यातही व्हायची. अंडी पोटाला धरून फिरणाऱ्या माद्याही सर्रास पकडल्या गेल्या. 1994 पर्यंत ती मासेमारी जवळजवळ संपली. शास्त्रज्ञांनी त्यावर पेपर लिहिले, पण ज्यांनी त्या मालावर धंदा उभा केला होता त्यांना पेपरचा काय उपयोग?

नियम करतो कोण?

समुद्र हा राज्याचा विषय. आपल्याकडे 1981 चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत कुठे, कोणत्या बोटीने, कोणत्या जाळ्याने, कोणत्या काळात, कोणती जात पकडायची किंवा पकडायची नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यातून राज्य सरकारला मिळतो. 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी बंदी तुम्हाला माहीतच आहे. 2021 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, दंड चांगलेच वाढले आणि प्रकरणं चालवण्याचं काम तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आलं. 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पापलेटला 135 मिलिमीटर, सुरमईला 370 मिलिमीटर. विचार साधा आहे: प्रत्येक मासळीने आयुष्यात एकदा तरी अंडी घालावी, मग ताटात यावी.

पण लक्ष द्या. या कायद्याचा सगळा रोख बोट आणि जाळ्यावर आहे. ओहोटीला कमरेला फडकं खोचून, हातात कोयता आणि टोपली घेऊन चालत जाणारी बाई त्याच्या नजरेत जवळजवळ येतच नाही. सातपाटीच्या पापलेटवर सरकारी कागद भरपूर आहेत. मुरबे-नांदगावच्या खडकावरच्या कालवांवर कोण बोलतो? म्हणजे शिंपल्यांच्या बाबतीत नियम गावातच करावा लागतो. कसा, ते बघू.

पहिली जागा ग्रामसभा. महाराष्ट्रात वर्षातून किमान 4 ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ही महिला सभा बहुतेक गावांत कागदावर होते. शिंपल्यांचा ठराव मात्र तिथेच सुरू झाला पाहिजे, कारण काढणाऱ्या, सोलणाऱ्या, विकणाऱ्या सगळ्या बायका आहेत. बोटवाल्या पुरुषांनी टेबलावर बसून "दोन महिने शिंपल्या बंद" असं ठरवलं, तर त्यांचं काहीच जात नाही. ज्या विधवा मावशीचं घर त्या टोपलीवर चालतं, तिची चूल मात्र विझते. असा ठराव पाळला जात नाही, आणि तो पाळला जाऊ नये असंच मला वाटतं.

दुसरी जागा कमी लोकांना माहीत आहे: जैवविविधता व्यवस्थापन समिती. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत ही समिती हवी आणि तिने गावातल्या जीवजातींची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. याच कायद्याच्या कलम 41 मध्ये, आपल्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक साधनं गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याची सोय या समितीला दिलेली आहे. बाहेरगावचा टेम्पो येऊन पोत्यांनी शिंपल्या भरून नेत असेल, तर गावाला कायद्याने विचारता येण्यासारखा हा एक प्रश्न आहे: "नोंद कुठे आहे, शुल्क कुठे आहे?" तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही बघायला मागा. बऱ्याचदा धूळ झटकून दाखवतात. त्यात तिसऱ्या, खुबे, कालवं, चिंबोऱ्या यांची नावं आहेत का, कुठल्या खाडीत, कुठल्या महिन्यात मिळतात हे लिहिलंय का, ते तपासा. नसेल तर लिहून घ्या. फुकटचं काम आहे, पण पुढच्या प्रत्येक अर्जाला हाच आधार लागतो. (पालघर जिल्ह्याचा मोठा भाग पेसा क्षेत्रात येतो, मात्र सगळी किनाऱ्यावरची गावं त्यात नाहीत. तुमचं गाव आहे का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. असेल तर ग्रामसभेच्या शब्दाला जास्त वजन आहे.)

आता खरं सांगतो. ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. "20 मिलिमीटरच्या आतली शिंपली काढू नये" असा ठराव झाला म्हणून पोलीस कुणाला पकडणार नाहीत. त्याला सरकारी ताकद हवी असेल तर तो सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्याकडे पाठवून 1981 च्या कायद्याखाली आदेश मागावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. चिली देशात 1991 च्या कायद्याने किनाऱ्याचे ठरावीक तुकडे मच्छीमार संघटनांच्याच ताब्यात दिले. तिथली "लोको" नावाची महागडी गोगलगाय इतकी कमी झाली होती की त्याआधी काही वर्षं ती काढणंच बंद ठेवावं लागलं. जपानमध्येही किनाऱ्यालगतच्या शिंपल्यांवर स्थानिक सहकारी संस्थेचा हक्क असतो. तिथे गाव राखतं आणि गावच काढतं. आपल्याकडे भरती-ओहोटीमधली जमीन सरकारची, त्यामुळे गावाने राखलं तरी उद्या दुसरा येऊन काढू शकतो. हे मोठं दुखणं आहे.

मग करायचं काय? याचं एक चांगलं उत्तर आपल्याच देशात, केरळात सापडतं.

अष्टमुडीची गोष्ट

कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचं खाऱ्या पाण्याचं मोठं सरोवर आहे. तिथे 1980 च्या दशकात तिसऱ्यांचा धंदा फोफावला. माल परदेशात जायला लागला, मागणी वाढली, लोक वाढले, आणि 1990 च्या सुरुवातीला आवक एकदम खाली आली. सुमारे 3,000 लोकांचं पोट त्यावर होतं. तेव्हा काढणारे लोक, केरळचं मत्स्य खातं आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था यांनी मिळून काही नियम केले. डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे शिंपल्या अंडी सोडतात त्या काळात, काढणं बंद. जाळीचा आस 30 मिलिमीटर, म्हणजे लहान शिंपली खाली गळून पडते. यंत्राने उपसायचं नाही. आणि चौथा नियम: निर्यातीसाठी मांस घेताना किलोत 1,400 पेक्षा जास्त नग नकोत.

हा चौथा नियम पुन्हा वाचा.

सरोवरात कोण किती लहान शिंपली काढतंय हे बघायला इन्स्पेक्टर किती ठेवणार? पण विकत घेणारे मोजके असतात. किलोत 1,400 पेक्षा जास्त नग भरले, म्हणजे माल लहान, म्हणजे घेणार नाही. एवढं ठरलं की लहान शिंपली काढण्यात कुणाला रसच उरत नाही. नियम पाण्यात नाही, तराजूवर पाळला गेला. 2014 मध्ये या तिसऱ्यांना सागरी मासेमारीचं एमएससी हे जागतिक प्रमाणपत्र मिळालं. भारतातली ती पहिली मासेमारी.

शेवंडीचंही तेच. केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने 2003 मध्ये निर्यातीच्या शेवंडीला किमान वजन ठरवून दिलं. आपल्या किनाऱ्यावर जी चिखलातली शेवंड मिळते तिला 300 ग्रॅम. त्याखालची निर्यात होत नाही. पण तीच 200 ग्रॅमची शेवंड स्थानिक हॉटेलात "बेबी लॉबस्टर" म्हणून विकली जाते. म्हणजे निर्यातदाराने दार बंद केलं आणि हॉटेलवाल्याने खिडकी उघडली. तुम्ही हॉटेलांना माल पुरवणार असाल तर त्या खिडकीत तुम्ही उभे आहात, हे लक्षात ठेवा.

नवा उद्योजक म्हणून तुम्हाला वाटतं की आपण फार लहान, नियम वगैरे मोठ्यांचं काम. उलट आहे. एका खाडीवरचा माल घेणारे तुम्ही दोघं-तिघंच असता. तुम्ही काय घेता आणि काय परत करता, त्यावर तिथे काय काढलं जाईल हे ठरतं. खाडीचा खरा इन्स्पेक्टर तुम्हीच.

हे जमिनीवर असं करता येतं. माल घेण्याची जागा खाडीच्या काठावरच ठेवा, घरी नको. तिथे तारेची एक चाळण ठेवा. मावशी टोपली ओततील, चाळणीतून खाली पडलेल्या शिंपल्या त्याच ओहोटीत, त्याच पट्टीवर परत. घरी नेऊन चाळलं तर त्या मेल्या, मग कसला नियम? चाळणीचं भोक किती, हे केरळातून उचलू नका. तिथे 20 मिलिमीटरचं माप ठरावीक जातीला लावलंय. आपल्याकडे एकाच खाडीत तीन-चार जाती मिळतात आणि प्रत्येकीची वाढ वेगळी. मावश्यांना विचारा, कुठल्या महिन्यात शिंपली "भरलेली" असते आणि कधी आत "पाणीच" असतं. भरलेली म्हणजे अंड्यावर आलेली. ती नोंद वर्षभर ठेवली की तुमच्या खाडीचं कॅलेंडर तयार होतं.

आणि इथेच खरा पेच आहे. भरलेल्या शिंपलीलाच चव आणि तिलाच भाव. नेमक्या त्याच काळात सगळं बंद करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. म्हणून पूर्ण बंदीपेक्षा पट्ट्या वाटून घ्या: या वर्षी खाडीच्या तोंडाकडची पट्टी राखीव, पुढच्या वर्षी आतली. राखीव पट्टीतल्या शिंपल्यांचं बी पाण्याबरोबर वाहत बाजूच्या पट्ट्यांवर बसतं. आणि मोठ्या मालाला किलोमागे थोडा जास्त दर द्या. तुम्ही दर वाढवणार नाही आणि लहान माल परतही करणार, असं चालत नाही. नियमाचा खर्च मावशीने एकटीने का सोसावा?

पण पाणी कसलं आहे?

आता बोईसर-तारापूरवाल्यांनो, नीट वाचा. इतर किनाऱ्यांवर आकार आणि हंगाम हा पहिला नियम. आपल्याकडे पहिला नियम पाण्याचा.

शिंपली खाते कशी? पाणी आत ओढते, गाळते, बाहेर सोडते. दिवसभर हेच चालू. पाण्यात जे असेल ते तिच्या अंगात साठतं. चांगलं असेल तर चांगलं, शिसं-कॅडमियम असेल तर तेही. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून वाहिनीने नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूर सगळ्यात वर होतं, 93.69 गुणांसह. ही पहिली येण्याची गोष्ट अभिमानाने सांगायची नाही.

अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली, आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने इथल्या कारखान्यांवर आणि प्रक्रिया केंद्रावर पर्यावरण भरपाईचा मोठा बोजा टाकला. ही लढाई कुणी मोठ्या व्यापाऱ्याने लढली नाही, मच्छीमारांच्या समाजाने लढली. आपण मात्र त्याच पाण्यातला माल विकून नफ्याचं गणित मांडतो. निदान एवढं करू शकतो: मेलेली मासळी, रंगीत पाणी, वास दिसला की तारीख, वेळ, भरती की ओहोटी, फोटो, सगळं नोंदवून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. अशा कागदांचा उपयोग वर्षांनी होतो, पण होतो.

एक गैरसमज इथे मोडायलाच हवा. "उकळलं की सगळं जातं." नाही जात. स्वच्छ खाऱ्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवल्याने वाळू निघते, जंतूही बरेच कमी होतात. उकळल्याने जंतू मरतात. पण जड धातू ना भिजवून जातात, ना उकळून. समुद्रात विषारी शेवाळ वाढलं असेल तर त्याचं विषही शिजवून जात नाही. केरळात 1997 मध्ये तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर असेच शिंपले खाऊन सात जण दगावले. म्हणून युरोपात काढलेला माल तपासण्याआधी काढायची जागा तपासतात. शिंपल्यांच्या 100 ग्रॅम मांसात ई. कोलाय जंतू 230 च्या आत असतील तर "ए" वर्ग, थेट विका. 4,600 पर्यंत "बी", म्हणजे आधी शुद्ध पाण्यात ठेवून साफ करा. त्यापुढे "सी", आणि मग बंदच. आपल्याकडे खाडीगणिक असा फलक नाही. म्हणून तो तुम्हाला स्वतःपुरता तयार करावा लागेल.

कसा? ज्या खाडीतून माल घेणार तिथल्या शिंपल्यांचा नमुना मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत द्या. जंतू आणि जड धातू दोन्ही तपासून घ्या. एकदा पावसाळ्यानंतर, एकदा उन्हाळ्यात. खर्च येतो, पण पाकिटं छापण्याआधी तो करा. रिपोर्ट वाईट आला तर त्या खाडीचा माल कुठल्याही भावाला नको. "आम्ही तर वर्षानुवर्षं खातोय" असं लोक म्हणतील. घरी खाणं ही ज्याची त्याची मर्जी. लोकांना पैसे घेऊन विकणं ही जबाबदारी, आणि पाकिटावर नाव तुमचं असतं. अन्न परवान्याचं काम त्यामानाने सोपं आहे. लहान उलाढालीला साधी नोंदणी पुरते, त्यावर वेगळा व्हिडिओ आहेच.

अष्टमुडीची गोष्ट मी मघाशी अर्धी ठेवली होती. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर काही वर्षांनी तिथलीही आवक घसरली. सरोवराचं पाणी बिघडलं, परदेशातून आलेल्या एका आक्रमक जातीच्या शिंपल्यांनी जागा अडवली, आणि शेवटी संशोधन संस्थेला तिसऱ्यांचं बी तयार करून सरोवरात सोडावं लागलं. लोकांनी हंगाम पाळला, आस पाळला, नग मोजले, तरीही. काढण्याचा नियम गावाच्या हातात असतो. पाण्याचा नियम गावाच्या हातात नसतो, आणि पहिला कितीही चोख पाळला तरी दुसऱ्याची भरपाई होत नाही.

वरोर-वाढवणच्या बाजूला कुणी विचार करत असेल तर आणखी एक गोष्ट हिशोबात धरा. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने 19 जून 2024 रोजी मंजुरी दिली. बंदर चांगलं की वाईट हा वाद इथे नको. पण पुढच्या दहा वर्षांत तो किनारा आजच्यासारखा राहील असं धरून कर्ज काढू नका.

मग शिंपल्यांची शेती? पीएम मत्स्य संपदा योजनेत त्याला अनुदान आहे: सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. 2023 च्या दुरुस्तीनंतर शिंपल्यांची शेतीही किनारी मत्स्यशेतीच्या केंद्रीय कायद्यात आली, म्हणजे नोंदणीची वाट आता स्पष्ट आहे. सिंधुदुर्गात बचत गटांच्या बायकांनी काकई आणि खेकड्यांची शेती करून पाहिली आहे. पण शेती असो की रानातला माल, पाण्याचा प्रश्न तोच. अनुदान मिळतंय म्हणून घाण पाण्यात तराफा टाकू नका.

त्या ताईंचं काय झालं ते सांगतो. पहिला नमुना त्यांनी घराजवळच्या खाडीचा दिला. रिपोर्ट आल्यावर दोन दिवस फोनच केला नाही. मग म्हणाल्या, "सर, या खाडीचा माल मी नाही विकणार." सुक्या जवळ्यावर आणि बोंबलावर धंदा सुरू केला. शिंपल्यांसाठी औद्योगिक पट्ट्यापासून लांबच्या एका खाडीवर मावश्यांशी बोलणी चालू आहेत. तिथला एक रिपोर्ट ठीक आला, दुसरा उन्हाळ्यात द्यायचाय. चाळण विकत घेऊन ठेवली आहे. एक मावशी म्हणाल्या, "लहान परत टाकायची तर दर सांग आधी." बोलणी तिथेच अडली आहेत, आणि दर वाढवून पाकिटाचं गणित बसतं का, हे ताई सध्या वहीत मांडतायत.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला जा. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पाणी सकाळी सहाच्या आसपास सगळ्यात लांब जातं. पट्टी, वही आणि चपला न घालता चालण्याची तयारी ठेवा. दहा टोपल्यांतल्या प्रत्येकी वीस शिंपल्या मोजा आणि लांबी लिहा. तेवढी दोनशे मापं घेऊन या, मग भांडवलाचं बोलू.